तट दिसला की शहर?

बडोद्यातल्या आपल्या मराठी मंडळींच्या ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. म्हणणं असं की, हडप्पा काळात शहर आणि खेडं यांच्यात पक्की रेघ होती. तटाच्या आत कारागीर आणि व्यापारी, बाहेर नुसती शेती नि गुरं. शिवाय, खेड्याचं शहर होतं, शहराचा दर्जा मात्र कधी जात नाही.

आधी तटाचं बघू. कच्छच्या आखाताजवळ बगसरा म्हणून गाव आहे (अमरेलीकडचं नव्हे). तिथल्या गोला धोरो टेकाडावर आपल्याच एम. एस. युनिव्हर्सिटीच्या पुरातत्त्व विभागाने 1996 पासून अनेक हंगाम उत्खनन केलं. सगळी वस्ती जेमतेम 2 हेक्टरांची. तरी तिला जाडजूड तट, आणि घरं तटाबाहेरही. शहर म्हणावं तर जीव एवढासा. खेडं म्हणावं तर आत शंखांचे ढीग, अर्धवट कापलेल्या बांगड्या, मण्यांसाठी साठवलेला दगड, वर एकशिंगी प्राण्याची मुद्रा! मजकूर लिहिणाऱ्याने ही वस्ती कुठल्या रकान्यात टाकली असती?

कारागिरी फक्त शहरात, हा दावाही इथेच संपतो. हवं तर नागेश्वर घ्या. आपण ज्योतिर्लिंगाच्या दर्शनाला जातो, त्याच परिसरात शंखकामाची हडप्पाकालीन छोटी वस्ती सापडली आहे.

शहरात गुरं नव्हती म्हणे. खुद्द हडप्पाच्या उत्खननात गाईबैल, म्हशी, शेळ्यामेंढ्यांची हाडं भरपूर मिळाली. त्यातली काही जनावरं बाहेरून आणलेली असतील, मान्य. राजस्थानातल्या कालीबंगन या हडप्पाकालीन शहराला तर तटाबाहेर लगेच नांगरलेलं शेत सापडलं, पण ते शहर भरात येण्याआधीचं, म्हणून त्याच्यावर फार भार टाकत नाही.

फरक नव्हताच, असं कुणी म्हणत नाही. कच्छमधल्या हडप्पाकालीन धोलावीराचे प्रचंड जलाशय पाहून त्याला खेडं कोण म्हणेल? पण धोलावीरा आणि साधी वाडी यांच्यामध्ये बगसऱ्यासारख्या वस्त्या होत्या, आणि रेघ तिथेच पुसट होते.

राहिला दर्जाचा मुद्दा. त्यासाठी हडप्पापर्यंत कशाला जायचं? इ.स. 812 मध्ये राष्ट्रकूट राजा कर्क सुवर्णवर्षाने एका ब्राह्मणाला वडपद्रक हे गाव दान दिलं. ताम्रपटात ते अंकोटकाच्या चौऱ्याऐंशी गावांतलं एक म्हणून येतं. तेव्हा नगर होतं ते अंकोटक. आज वडपद्रक म्हणजे आपलं बडोदं, आणि अंकोटक म्हणजे त्यातला एक भाग, अकोटा.