घंटा वाजली आणि जाहिरात लागली

पाच हजार मीटरची फायनल होती. साडेबारा फेऱ्या. त्यातल्या साडेअकरा मी जागेवर खिळून पाहिल्या. कुणालाच पुढं जायचं नव्हतं, सगळा घोळका एकमेकांच्या टाचा तुडवत पळत होता. चार फेऱ्या उरल्या तेव्हा एकजण बाहेरच्या बाजूनं हळूच वर सरकायला लागला. तोंड मिटलेलं, खांदे सैल. याच्या पायात अजून काहीतरी शिल्लक आहे, हे स्पष्ट दिसत होतं. शेवटच्या फेरीची घंटा वाजायला लागली, आणि तिचा दुसरा ठोका कानावर पडायच्या आत पडद्यावर दात घासणारं कुटुंब आलं.

जाहिरात! शेवटच्या फेरीला!

दात झाले, मग गाडी, मग विमा. अशा संथ शर्यतीची शेवटची फेरी हे लोक ५४-५५ सेकंदांत संपवतात. परत मैदान दिसलं तेव्हा एकाच्या खांद्यावर झेंडा होता आणि समालोचक सांगत होता, काय अप्रतिम शर्यत झाली! कुठं झाली? आम्हाला कुठं दिसली? रिप्ले लावला तोही शेवटच्या दहा मीटरचा. कोणी कोणाला कुठं गाठलं, कोण कधी मागं पडला, काही नाही. मी रिमोट आपटला आणि टीव्ही बंद केला. रात्रभर डोकं शांत झालं नाही.

जाहिराती दाखवा ना. पैसा तिथूनच येतो, एवढं मलाही कळतं. पण पहिल्या पाच-सहा फेऱ्यांत दाखवा. भालाफेकीच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये दाखवा. उंच उडीची दांडी वर चढवतात तेव्हा दाखवा. मैदानी स्पर्धेत रिकाम्या जागा पैशाला पासरी असतात. त्या सोडून नेमकी घंटाच सापडते, म्हणजे बटणावर बोट ठेवून बसलेला माणूस शर्यत बघतच नाहीये.

आणि मूळ चित्रण वाईट असतं असंही नाही. ऑलिम्पिकचं चित्रण ओबीएस करते, ऑलिम्पिक समितीनं २००१ मध्ये त्यासाठीच काढलेली संस्था. २०२४ ला पॅरिसमध्ये त्यांनी ११,००० तासांहून जास्त चित्रण तयार केलं. जगभरच्या वाहिन्यांकडे तेच चित्र येतं. बाकीच्या मोठ्या स्पर्धांतही साधारण हीच पद्धत. म्हणजे ताट वाढून समोर येतं, आणि आमच्यापर्यंत पोचेतो त्यातला अर्धा घास काढून घेतलेला असतो.

चित्रण चांगलं की वाईट हे ठरवायची माझी कसोटी एकच आहे: सामना कशामुळं फिरला ते मला दिसलं का? कॅमेरे किती होते, स्टुडिओत कोण बसलं होतं, याच्याशी मला देणंघेणं नाही. पॅरिसची शंभर मीटर घ्या. अमेरिकेचा लाइल्स ९.७८४, जमैकाचा थॉम्पसन ९.७८९. ०.००५ सेकंदाचा फरक. धावून झाल्यावर खेळाडूच फलकाकडे बघत उभे होते. तोच लाइल्स ३० मीटरला आठांत शेवटचा होता! हे दाखवलं, सांगितलं, तर ती शर्यत कळते. नुसती शेवटची रेषा दाखवली तर राहतो तो आकडा.

भालाफेकीचं तर हे लोक मातेरंच करतात. आपला खेळाडू आला की कॅमेरा, त्यानं भाला टाकला की चला दुसरीकडे. बाकीचे अकराजण काय हवा खायला आलेत? पॅरिसला पाकिस्तानच्या अर्शद नदीमनं दुसऱ्याच फेकीत ९२.९७ मीटर टाकला, ऑलिम्पिक विक्रम. नीरज चोप्राची एकच फेक वैध ठरली, ८९.४५, बाकी पाचही फाउल. नदीमची फेक ज्यानं पाहिली नाही, त्याला त्यानंतरचे चार फाउल कसे कळणार? समोर ९२.९७ उभा असताना माणूस रेषेपर्यंत स्वतःला कसा झोकून देतो, हीच तर त्या रात्रीची गोष्ट होती.

आणि समालोचक! स्टीपलचेसला हर्डल्स म्हणतात. अरे, स्टीपलचेसमधला अडथळा पडत नाही, त्यावर पाय ठेवून जाता येतं, पाण्यावरचा वेगळा असतो, २८ अडथळे आणि ७ पाण्यावरच्या उड्या. एवढं वाचून यायला किती वेळ लागतो? २०२२ च्या राष्ट्रकुलात याच शर्यतीत अविनाश साबळेचं सुवर्ण ०.०५ सेकंदानं गेलं. केनियाचा किबिवोट ८:११.१५, साबळे ८:११.२०. तीन हजार मीटर पळून एवढंसं अंतर. ज्याला पाण्यावरची उडी कशाला असते हे माहीत नाही, तो ते अंतर मला काय समजावणार? तो ओरडणार. ओरडणं म्हणजे समालोचन, असं यांना कोणी सांगितलंय देव जाणे. बांबू घेऊन उडी मारणारा धावायच्या आधी श्वास घेतो, अख्खं स्टेडियम गप्प होतं, आणि हे तेव्हाही बोलतच असतात.

वर ती पडद्याला वेढणारी जाहिरातीची पट्टी. चित्र आक्रसतं, कोपऱ्यातलं घड्याळ झाकलं जातं. शर्यतीत घड्याळच झाकलं तर उरलं काय?

आज सकाळी कालची शेवटची फेरी मोबाइलवर शोधून पाहिली. घंटा वाजली तेव्हा तो सैल खांद्यांचा माणूस सहावा होता. समोरच्या सरळ पट्ट्यावर त्यानं दोघांना मागं टाकलं, वळणावर तो बाहेरून अडकला, धक्का बसला, पाऊल चुकलं, सावरला. शेवटच्या ऐंशी मीटरला त्यानं तोंड उघडलं आणि एकेकाला मागं टाकत गेला. झेंडा त्याच्याच खांद्यावर होता. मी तीनदा पाहिली ती फेरी. पण निकाल आधीच माहीत होता, आणि छातीत जे धडधडायला हवं होतं ते तीनही वेळा धडधडलं नाही.