काही अडचण येत नाही म्हणे!

यापुढे "भाषेची काहीसुद्धा अडचण येत नाही हो" असं कुणी मला म्हणालं, की मी आधी विचारणार आहे, तुमचा टूर मॅनेजर कुठला होता? डोंबिवलीचा की कोथरूडचा?

कारण हे वाक्य मला एकाने नाही, चौघांनी ऐकवलं. नणंदेने, ह्यांच्या साहेबांनी आणि माझ्या भिशीतल्या दोघींनी. चौघंही व्हिएतनामला जाऊन आलेले, आणि चौघंही बसमधून. बसमध्ये माइकवर मराठीत विनोद सांगणारा माणूस, दुपारी भारतीय हॉटेलात जिरा राईस, रात्री दुसऱ्या भारतीय हॉटेलात जिरा राईस, मधल्या वेळेला बाकरवडीची पुडी. मग अडचण येईल कुठून? तुम्ही तिथल्या एका तरी माणसाशी बोललात का?

आम्ही दोघंच गेलो होतो. लग्नाला 25 वर्षं झाली म्हणून, आणि जन्मात पहिल्यांदाच देशाबाहेर. 25 डॉलर भरून ई-व्हिसा घरबसल्या आला, विमान मुंबईहून थेट हनोईला, घड्याळ दीड तास पुढे केलं की झालं. सगळंच इतकं सुरळीत होत गेलं, की ह्यांना वाटलं भाषाही आपोआप होईल. "अ‍ॅप आहे ना!" आठ दिवस मी हे ऐकत होते. विमानतळावर, रस्त्यात, जेवणाच्या ताटासमोर. अ‍ॅप आहे ना. आहे, मान्य आहे. घरी मिक्सरसुद्धा आहे, म्हणून स्वयंपाक आपोआप होतो का?

बरं, चिनी-जपानी अक्षरं असती तर माणूस दारातच शरण जातो. इथे सगळं ए-बी-सी-डीत! म्हणजे आपल्याला वाचता येतंय असं वाटतं आणि तिथेच घात होतो. सतराव्या शतकात युरोपातून आलेल्या मिशनऱ्यांनी ती भाषा रोमन अक्षरांत बसवली, 1651 साली रोममध्ये तिचा कोशही छापून झाला. पण ती काही आपल्या गोव्याच्या रोमी कोंकणीसारखी दिसत नाही. अक्षराच्या डोक्यावर टोपी, टोपीवर तुरा, पोटाखाली टिकली. नुसता डी असेल तर हनोईत त्याला झ म्हणायचं, त्याच डीला आडवी रेघ मारली असेल तर ड. मी टॅक्सीवाल्याला गल्लीचं नाव वाचून दाखवायचे, तो माझ्याकडे असा बघायचा की जणू माझ्या घशात काहीतरी अडकलंय.

टॅक्सी अ‍ॅपवरून बोलवा म्हणे. बोलावली! पण गाडी जवळ आली की ड्रायव्हर फोन करतो. आणि फोनवर तो काय बोलणार, ज्ञानेश्वरी? आमचे हे मोठ्या आवाजात, "यस, यस, वुई आर हिअर." मी म्हटलं, हिअर म्हणजे कुठे, ते तुम्हाला तरी माहीत आहे का? तर मला हाताने गप्प करून पुन्हा, आणखी मोठ्याने, "हिअर! हिअर!" समोरच्याला भाषा येत नसेल तर ती ओरडून बोलायची, हे ह्यांना कुणी शिकवलंय देव जाणे. शेवटी मी फोन हिसकावून शेजारी मक्याची कणसं विकणाऱ्या बाईच्या हातात दिला. ती दोन मिनिटं ड्रायव्हरशी बोलली, मध्येच आमच्याकडे बघून खूप हसली आणि फोन परत दिला. गाडी आली. ती कशाला हसली ते मला कळायची गरज नव्हती, कळलंच होतं.

पैशांचं तर विचारूच नका. तिथले 300 डोंग म्हणजे आपला साधारण एक रुपया, त्यामुळे खिशात सतत लाखो. प्रत्येक नोटेवर हो चि मिन्ह, आणि 20,000 ची नोट निळी नि 5,00,000 ची नोटही निळसरच. मेनूवर 45.000 असं छापलेलं, कारण हजाराला ते स्वल्पविराम देत नाहीत, टिंब देतात. ह्यांनी पहिल्या दिवशी ते "पंचेचाळीस, आणि पुढे पॉइंट शून्य" असं वाचलं आणि इतकं स्वस्त बघून दोन-दोन कॉफ्या सांगितल्या.

होआन किएम तळ्याजवळ एक बाई सोललेला अननस काठीला लावून विकत होती. मी बोटाने विचारलं, किती? ती म्हणाली, "हाय..." आणि पुढे काहीतरी. ह्यांनी खुशीत येऊन तिला उलट "हाय, हाय!" केलं. ती पुन्हा म्हणाली, "हाय..." हे पुन्हा "हाय!" हात हलवून. असं तीन वेळा. बाई वीस हजार सांगत होती हो! हाय म्हणजे दोन. शेवटी तिने दोन बोटं दाखवली आणि ह्यांनी ऐटीत निळी नोट काढून दिली. तिच्या एका हातात सुरी, भोवती गर्दी, तिने तरी नीट बघितली की नाही कोण जाणे. आम्ही अननस खात निघालो. रात्री खोलीत पैसे मोजताना कळलं की तो साठ-सत्तर रुपयांचा अननस आम्ही सोळा-सतराशेला खाल्ला. "गोड होता पण," हे म्हणाले. मी त्या रात्री ह्यांच्याशी बोलले नाही. निदान मराठीत तरी भांडता येत होतं, तेवढंच समाधान.

पण माझा खरा राग जेवणावरून आहे. मी शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. ह्यांना कोंबडी चालते, बाकी काही नाही. मी दशम्या नेल्या होत्या, खाकरे, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट. पण 25 वर्षांनी बाहेर पडून हॉटेलच्या खोलीत मेतकूट-भात खायचा? तोही भात कुठून आणायचा, हा वेगळाच प्रश्न.

तर दुसऱ्या दिवशी एका लहानशा दुकानात शिरलो. बुटकी प्लास्टिकची स्टुलं, आपल्याकडे बालवाडीत असतात तसली, गुडघे हनुवटीला लागतात. ह्यांनी मेनूचा फोटो काढला, अ‍ॅपने भाषांतर केलं, केक. त्याच्या खाली, केक रोल. त्याच्या खाली, आणखी एक केक. मी म्हटलं, वा, बेकरी आहे, केक रोल मागवा. नंतर कळलं की तांदळाच्या किंवा गव्हाच्या पिठाच्या बहुतेक सगळ्याच पदार्थांना ते लोक "बान्य" म्हणतात. पाव बान्य, धिरडं बान्य, पानात उकडलेला चिकट भातसुद्धा बान्य. अ‍ॅप प्रत्येकाला केक म्हणतं आणि मोकळं होतं.

समोर ती बाई काय करत होती ते मात्र मी बघतच राहिले. उकळत्या पातेल्याच्या तोंडाला फडकं ताणून बांधलेलं. त्यावर पळीभर तांदळाचं पातळ पीठ ओतायचं, पळीच्या बुडाने गोल फिरवायचं, वर झाकण. क्षणभरात चपट्या काठीने ती पारदर्शक चकती अलगद उचलायची. माझी आजी उन्हाळ्यात सालपापड्या करायची ना, अगदी तश्शीच! ओली सालपापडी पोरांनी खाऊन टाकू नये म्हणून आजी हातावर मारायची, ते सगळं आठवलं. माझे डोळेच भरून आले, खरंच सांगते. आणि मग त्या बाईने त्या सालपापडीत चमचाभर डुकराचा खिमा भरला, छान गुंडाळी केली, वर तळलेला कांदा भुरभुरवला आणि सोबत वाटीत माशाचं पाणी देऊन माझ्यापुढे ठेवली.

ते माशाचं पाणी! "नुओक माम" म्हणतात. मासे मिठात महिनोन् महिने मुरवून काढलेलं. नुसती उकडलेली पालेभाजी मागा, तिच्यातही ते असू शकतं. "नो मीट" म्हटलं की त्यांच्या हिशेबी मांस बाजूला झालं, मासा कुठे मांस असतो? आपल्याकडे नाही का, "अहो व्हेजच आहे, नुसता रस्सा मटणाचा आहे" म्हणणारे!

तर तीन दिवस मी खाकरे, केळी आणि शहाळ्यावर काढले. आणि आता ऐका.

आमच्या हॉटेलच्या गल्लीच्या तोंडाशी एक हिरवी पाटी होती. त्यावर मोठ्या अक्षरात, सी-एच-ए-वाय. जाता-येता रोज दिसायची. आणखी दोन-चार ठिकाणीही दिसली. हे पहिल्याच दिवशी म्हणाले, "बघ, इथेसुद्धा चायची दुकानं!" आणि आत पाऊल टाकलं नाही. का? कारण खोलीत किटली होती आणि चहाच्या पुड्या फुकट होत्या.

चौथ्या दिवशी रिसेप्शनवरच्या पोरीला माझी दया आली. ही पोरगी मोडकंतोडकं इंग्रजी बोलायची. पहिल्या दिवशी तिने आल्या आल्या मला माझं वय विचारलं होतं आणि मी मनातल्या मनात तिला आगाऊ ठरवून टाकलं होतं. पण त्यांच्यात समोरच्याला "तू-तुम्ही" असं सरसकट म्हणताच येत नाही, वय बघून नातं लावावं लागतं. मला ती "को" म्हणायची, म्हणजे आत्या. ह्यांना "चू", म्हणजे काका. सख्ख्या नवरा-बायकोला तिने बहीण-भाऊ करून टाकलं, तेही लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला! असो. तर ती मला हाताला धरून गल्लीच्या तोंडाशी घेऊन गेली आणि त्या हिरव्या पाटीकडे बोट दाखवून म्हणाली, "चाय. नो मीट, नो फिश."

चाय म्हणजे शाकाहारी!

तीस पावलांवर. तीन दिवस. आत भात, टोफू, मशरूम, तीन प्रकारच्या पालेभाज्या, आणि सोबतच्या वाटीतसुद्धा मासा नाही. वर ती सांगते, पौर्णिमेला आणि त्यांच्या चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी कितीतरी लोक चायच जेवतात. म्हणजे आपल्यासारखेच वार पाळणारे लोक आहेत, शाकाहारी म्हणजे काय ते त्यांना पक्कं ठाऊक आहे, त्याला सुटसुटीत एकच शब्द आहे. आणि आमच्या चार सल्लागारांपैकी एकालाही तो माहीत नव्हता! कशाला लागेल म्हणा, जिरा राईस होता ना.

शब्द मिळाला तरी सुटका नाही. पाचव्या दिवशी निन्ह बिन्हला गेलो. त्या नावेतल्या सफरीबद्दल मी काही लिहिणार नाही, ती सुंदर होती आणि मला आत्ता रागातच राहायचंय. तिथे जिकडेतिकडे बकऱ्याचं मटण. हे एका खानावळीत छाती काढून शिरले आणि अदबीने म्हणाले, "चाय?" बाईने दचकून मागे शेगडीकडे बघितलं. ह्यांनी पुन्हा, "चाय?" ती उठून भांड्याचं झाकण काढून बघून आली. तिसऱ्यांदा ह्यांचं डोकं फिरलं आणि हे खेकसले, "चाय!" तर बाकावर बसलेला तिचा पोरगा खो खो हसायला लागला.

रात्री त्या रिसेप्शनच्या पोरीने उलगडा केला. सूर सपाट ठेवला तरच शाकाहारी. आपण विचारताना शेवट वर नेतो ना, तसा वर गेला की जळतंय. खाली दाबून तोडला की पळ. थोडा वेगळा वळवला की वितळतंय, आणखी वेगळा पडला की खलबत्त्यातला बत्ता. म्हणजे हे त्या बाईला दोनदा अदबीने म्हणाले "जळतंय?" आणि मग खेकसून म्हणाले "पळ!" मराठी माणसाने सपाट सुरात विचारायचं कसं, सांगा ना! आपल्याला विचारलं की सूर चढतो आणि चिडलं की आपटतो.

सातव्या रात्री ह्यांचं पोट बिघडलं. मी एकटी औषधाच्या दुकानात. "पोट बिघडलंय" असं अ‍ॅपला मराठीत सांगितलं, त्याने त्यांच्या भाषेत काय केलं माहीत नाही, पण दुकानदाराने उत्तरादाखल फोनमध्ये बोलून मला दाखवलं, "कोणते यंत्र?" रात्री साडेअकरा वाजता. मग मी जे काही हावभाव करून दाखवले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. त्याने एक पाकीट दिलं. त्यावरचं मला एवढंच वाचता आलं, 200 मिली. तेवढ्यावरून ओळखलं की हे आपलं ओआरएस. तेव्हा मात्र हसू येत नव्हतं. खोलीत माणूस कण्हतोय, आणि आपल्याला जुलाब हा एक शब्द सांगता येत नाही.

मी हे सगळं गिळून टाकलं असतं. पण परवा लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरचे काका-काकू भेटले. डिसेंबरमध्ये व्हिएतनामला निघालेत, दोघंच, काकूंना कांदासुद्धा चालत नाही. काकांनी विचारलं, "भाषेचं कसं काय हो तिकडे?"

आणि माझ्या नवऱ्याने, माझ्या डोळ्यांदेखत, लिफ्टच्या आरशात केस नीट करत सांगितलं, "छे हो! काही अडचण येत नाही. अ‍ॅप आहे ना."

रात्री दहा वाजता मी गाऊनवरच तिसऱ्या मजल्यावर जाऊन आले. कागदावर मोठ्या अक्षरात "चाय" लिहून दिलं, त्याच्यावर पट्टीने सरळ रेघ मारली, आणि काकूंकडून दहा वेळा सपाट सुरात म्हणवून घेतलं. हे तेव्हापासून माझ्यावर फुगून बसलेत.