ओट्स खा, पण गोळी सोडू नका

'रोज सकाळी ओट्स, आणि बीपीच्या गोळीला रामराम!' असले मेसेज कोणी पुढे ढकलले की माझं बीपी मात्र नक्की वाढतं. गोष्ट सपशेल खोटी असती तर हसून सोडून दिली असती. पण ती थोडी खरी आहे, आणि घोटाळा त्या थोड्यातच आहे.

ओट्समध्ये फायबर असतं, म्हणजे धान्यातला न पचणारा तंतुमय भाग. त्याने बीपी किती उतरतं हे बघायला 2005 साली 24 चाचण्यांचे आकडे एकत्र करून पाहिले गेले. रोज सरासरी साडेअकरा ग्रॅम फायबर जास्त घेतल्यावर वरचं बीपी 1.13 आणि खालचं 1.26 पॉइंटने उतरलं. बस्स. घरच्या मशीनवर पाच मिनिटांच्या अंतराने दोनदा पट्टा गुंडाळला तरी याहून मोठा फरक दिसतो. चाळिशीपुढच्या आणि बीपी आधीच वाढलेल्या लोकांमध्ये उतार जास्त होता, हेही सांगायला हवं. आणि एकट्याला क्षुल्लक वाटणारा हा पॉइंट लाखो लोकांच्या हिशेबात क्षुल्लक राहत नाही.

सगळं फायबर एका माळेचे मणी नाही. ओट्स आणि जवात बीटा-ग्लुकन नावाचं पाण्यात विरघळणारं फायबर असतं. ओट्स शिजवल्यावर चमच्याला जो बुळबुळीतपणा येतो ना, तो बराचसा त्याचाच. 2015 च्या एका विश्लेषणात आहारात ते साधारण 4 ग्रॅमने वाढलं तेव्हा वरचं बीपी 2.9 ने कमी आढळलं. गव्हाचा कोंडा बहुतांशी न विरघळणारा. पोट साफ ठेवायला उत्तम, पण बीपीच्या बाबतीत त्याची बाजू तेवढी भक्कम नाही. तरी कोंडा चाळून टाकू नका, त्याच्यासोबत मॅग्नेशियम आणि पोटॅशियमही जातं.

हे होतं कसं? आतड्यातले जिवाणू फायबर आंबवून छोटी मेदाम्लं बनवतात, ती रक्तवाहिन्या सैल करायला मदत करत असावीत. यातला बराचसा पुरावा उंदरांवरचा आहे. म्हणून 'असावीत'.

खरा राग मला पाकिटांचा येतो. पुढे ठळक अक्षरात 'मल्टिग्रेन', गव्हाच्या लोंबीचं चित्र. पाकीट उलटं करा. घटकांच्या यादीत, जिथे सहसा सगळ्यात जास्त असलेली वस्तू आधी लिहितात, पहिलं नाव मैदा! कोंडा कुठेतरी शेपटाला. मग सोडियमचा आकडा बघा आणि त्याला अडीचने गुणा, म्हणजे मीठ किती ते कळेल. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते. फायबरने कमावलेला तो एक पॉइंट मिठाने कधीच फस्त केलेला असतो.

तर अख्खं धान्य खा, हळूहळू वाढवा (एकदम वाढवलंत तर गॅस होईल, तक्रार माझ्याकडे आणू नका), पाणी भरपूर प्या. मशीनवरचे आकडे वहीत लिहून ठेवा आणि गोळी कमी करायची का, हे त्या वहीसकट डॉक्टरांना विचारा.