‘रानडुकराला पॉइंट टू-टू का दिली नाही?’ या तक्रारीवर दुकानाचं उत्तर

नमस्कार दादा,

एक तारा दिलात, हरकत नाही. तुमचं म्हणणं असं की देवगडच्या कलमांच्या बागेत डुकरांनी उच्छाद मांडलाय, बार टाकायचा तो वीस-पंचवीस पावलांवरून, तरी आम्ही पॉइंट टू-टू (.२२) रायफलीला नाक मुरडलं आणि महागडी थ्री-फिफ्टीन (.३१५) रायफल गळ्यात मारायला निघालो. वर, शिकारी जिम कॉर्बेटने लहान बोअरच्या, म्हणजे बारीक नळीच्या, रायफलीने नरभक्षक मारले तिथे डुकराची काय कथा, असंही लिहिलंत.

आधी कॉर्बेटचं बघू. रुद्रप्रयागचा बिबट्या त्याने १९२६ साली मारला तो .२७५ रिग्बी रायफलीने. बोअर ७ मिलिमीटरचा, पण काडतूस लांबलचक आणि दारू भरपूर. रायफलीच्या बोअरचा आकडा गोळीची जाडी सांगतो, जोर नाही. पॉइंट टू-टू आणि टू-ट्वेंटी-थ्री (.२२३) या दोन रायफलींच्या गोळ्या शेजारी ठेवल्या तर जाडीत फरक डोळ्यांना दिसायचा नाही. जोरात मात्र दुसरी जवळजवळ नऊपट.

तुम्ही मागत होतात त्या टू-टूची गोळी ४० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), नुसतं शिसं, वेग सेकंदाला साधारण १२०० फूट. थ्री-फिफ्टीनची २४४ ग्रेनची, वेग २००० फुटांच्या पुढे. नळीच्या तोंडाशी जोर सतरापटीच्या आसपास. मोठ्या नराच्या खांद्यावर कातडीखाली कुर्चेसारखी चिवट, जाड ढाल असते. तिथे टू-टू लागली तर डुक्कर पडत नाही, ते करवंदीच्या जाळीत शिरतं आणि सकाळी काजू वेचायला आलेल्या बाईला सामोरं येतं. अंतर कमी म्हणून काडतूस लहान चालेल, हा हिशोबच उलटा आहे. जवळून दुसरा बार टाकायला वेळ मिळत नाही. लहान, वेगवान गोळीचा सरळ जाण्याचा फायदा असतो तो लांबच्या नेमाला. आणि जाड गोळी झुडूप फोडून सरळ जाते असं आमचीच काही गिऱ्हाइकं छातीठोकपणे सांगतात, त्यावरही जाऊ नका. फांदीला घासली की कुठलीही गोळी फिरते.

आता जे तुम्ही लिहायचं टाळलंत ते. काउंटरवर आम्ही तुम्हाला तुमच्या बागेसाठी दोन्ही रायफली नको म्हटलं होतं. सुचवली होती ती बारा बोअरची एकनळी छऱ्यांची बंदूक, एलजी म्हणजे मोठ्या छऱ्यांच्या काडतुसांसह. ती थ्री-फिफ्टीनपेक्षा स्वस्त पडते, मग गळ्यात काय मारलं? तुमच्या बागेला जांभ्याचे गडगे आहेत, खाली कातळ आणि त्याखाली वस्ती. रायफलीची गोळी दगडावरून उडाली की कुठे जाईल याचा नेम नाही. टू-टूच्या खोक्यावरसुद्धा मैलभर धोक्याचा इशारा छापलेला असतो. एलजीचे छर्रेही जपूनच टाकायचे, पण ते त्यामानाने लवकर दमतात.

‘पोलिसांसारखी चौकशी केली’ म्हणालात. केली, आणि पुन्हा करू. १९५९ च्या शस्त्र कायद्यात शेती संरक्षणासाठी उल्लेख आहे तो ठासणीच्या बंदुकीचा, आणि ती पुरत नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं तरच गुळगुळीत नळीच्या दुसऱ्या बंदुकीचा. परवान्यावर जे हत्यार लिहिलंय तेच मिळेल, काडतुसंही त्यावरच्या आकड्याइतकीच. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली परवानगी असल्याशिवाय बागेत शिरलेलं डुक्करसुद्धा मारता येत नाही. बंदुकीचा परवाना म्हणजे ती परवानगी नव्हे. टू-टू उत्तम रायफल आहे, पण कागदी लक्ष्यावर.

परवान्याची मूळ प्रत आणि वनखात्याचं पत्र घेऊन या, बंदूक खांद्याला लावून बघा, मग ठरवा. काडतुसं प्लास्टिकची घ्या. कागदी स्वस्त असली तरी आपल्याकडच्या पावसाळ्यात फुगतात आणि ऐन वेळी नळीत बसत नाहीत. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यातून बंदूक जमा करायचा निरोप येऊ शकतो, तेव्हा जमा केल्याची पावती जपून ठेवा.