शटर नसलेले दुकान

सोलापुरात लिहिणाऱ्यांचा तुटवडा कधीच नव्हता. निवृत्त तलाठी आत्मचरित्र लिहितात, बँकेतले अधिकारी गझला लिहितात, दाताचे डॉक्टर चारोळ्या करतात आणि मराठीच्या जोडीला तेलुगू, कन्नड व उर्दू बोलणारी घरे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदत असल्यामुळे आमच्याकडे एकाच गल्लीत चार लिप्यांमधून विरह व्यक्त होऊ शकतो. एवढे लिखाण जिथे होते तिथे ते टंकित करणारे, तपासणारे, त्याची पाने लावणारे आणि छापखान्याच्या दारापर्यंत नेऊन सोडणारे कोणीतरी हवेच, असा विचार करून मी वर्तमानपत्रातली मुद्रितशोधनाची नोकरी सोडली आणि घरच्या घरी लेखकांसाठी छोटासा व्यवसाय सुरू केला. विचार तर्काला धरून होता. अडचण एवढीच की लेखकाला लिहिण्याचे पैसे कोणी देत नाही, आणि म्हणून लिहिलेल्याचे पैसे तोही कोणाला देऊ इच्छित नाही.

नवी पेठेत गाळा घेण्याची ऐपत नसल्यामुळे समाजमाध्यमांवर जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. फेसबुकचे पान, इन्स्टाग्रामचे खाते, व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस आणि एक ब्लॉग अशी चार दुकाने मी एका दुपारी उघडली. चारही फुकट उघडली, आणि फुकट उघडलेल्या दुकानात वर्दळही बहुतांशी फुकट्यांचीच होते. शटर नसल्यामुळे ते रात्री खाली ओढण्याची सोय नाही, ही आणखी एक गोष्ट. रात्री साडेअकराला ‘ताई, जागे आहात का?’ असा संदेश येतो आणि त्यापाठोपाठ दोनशे चाळीस पृष्ठांची कादंबरी येते. सोबत विनंती असते, ‘घाई नाही, सवडीने जरा नजर टाका.’ ही कादंबरी पुष्कळदा वहीच्या पानांची मोबाइलवर काढलेली छायाचित्रे असतात. पाने तिरकी असतात, वरच्या कोपऱ्यात ट्यूबलाइटची चकाकी असते आणि नायिका घर सोडून निघते नेमक्या त्या ओळीवर लेखकाचा अंगठा असतो. अंगठ्याखाली काय लिहिले आहे असे विचारले, तर पुढचे तीन परिच्छेद लेखक ध्वनिसंदेशाद्वारे वाचून पाठवतात आणि त्यातही मध्येच कुकरची शिट्टी होते.

प्रसिद्धीचे खाते माझ्या भाच्याने आपणहून स्वीकारले. तो अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि जगातल्या सर्व अडचणींवर रील हा उपाय आहे अशी त्याची श्रद्धा आहे. ‘मावशी, पहिल्या तीन सेकंदांत माणूस थांबला नाही तर तो गेला,’ असे त्याने मला बजावले. त्यानुसार सिद्धेश्वर तलावाच्या काठी उभे राहून, एप्रिलच्या उन्हात, घामाने चष्मा घसरत असताना, ‘आणि’ या शब्दातली शेवटची वेलांटी नेहमी पहिलीच का असते हे मी महाराष्ट्राला समजावून सांगितले. वास्तविक मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ साली आलेले आणि १९७२ साली भर पडून अठरा झालेले लेखनविषयक नियम हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. शेवटचे अक्षर दीर्घ लिहावे असा नियम असताना ‘आणि’ आणि ‘नि’ हे दोन शब्द त्यातून ऐटीत निसटतात, यात मला आजही नाट्य दिसते. महाराष्ट्राला ते दिसले नाही. ते रील माझ्या दोन नणंदांनी, भाच्याच्या वर्गमित्रांनी आणि सौर पंप विकणाऱ्या एका संस्थेने पाहिले.

दुसरे रील घरीच केले. विषय होता ‘गरीब’ लिहिताना ‘री’ दीर्घ आणि ‘गरिबाला’ लिहिताना ‘रि’ ऱ्हस्व का. भाच्याने कॅमेरा जेवणाच्या टेबलावर टेकवला आणि चित्रचौकटीच्या डाव्या कोपऱ्यात दुपारच्या जेवणातली कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दह्याची वाटी राहून गेली. या रीलने कहर केला. लोकांनी ते एकमेकांना पाठवले, जपून ठेवले, त्याखाली भरभरून लिहिले. ‘चटणी उखळात कुटलेली आहे का?’, ‘पुण्याला कुरिअर करता का?’, ‘भाकरी किती दिवस टिकते?’, ‘ताई, भाव कळवा.’ गरिबाच्या ऱ्हस्व ‘रि’विषयी एका गृहस्थांनी मात्र आस्था दाखवली, त्यांनी लिहिले की बोलणे कमी केले असते तर चटणी अधिक चांगली दिसली असती. भाचा हर्षभरित झाला. ‘मावशी, व्याकरण सोड, चटणी धर,’ हा त्याचा व्यावसायिक सल्ला होता आणि सगळे आकडे त्याच्याच बाजूने होते.

त्यानंतर फेसबुकवर थेट प्रक्षेपणाचा प्रयोग झाला. ‘पुस्तक छापण्यापूर्वी’ हा विषय निवडून मी फॉर्म्याचे गणित सांगायला बसले. पुस्तक एकेक पान करून छापले जात नाही. मोठ्या कागदाला घड्या घालून सोळा पृष्ठांचा एक फॉर्मा तयार होतो, त्यामुळे पृष्ठसंख्या सोळाच्या पटीत बसवली तर कागद वाया जात नाही. हे सांगण्यात मी रंगले होते, प्रेक्षकही टिकून होते, आणि नेमकी त्याच वेळी खालून शेजारच्या काकूंची हाक आली, ‘पाणी आलं!’ ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते, तिथे या दोन शब्दांपुढे साहित्याचे काही चालत नाही. मी निग्रहाने बसून राहिले. प्रेक्षक मात्र भराभर निघून गेले, कारण तेही याच भागातले होते आणि त्यांच्याही टाक्या रिकाम्या होत्या. सोलापुरातल्या पाण्याचे वेळापत्रक विनामूल्य कळवणारी व्यक्ती म्हणून त्या संध्याकाळनंतर माझ्या पानाला काही नवे अनुयायी मिळाले.

माझ्या प्रत्येक पोस्टला पहिला बदाम देणारे एक कवी आहेत. मी सकाळी सहाला पोस्ट टाकली तरी सहा वाजून एक मिनिटाने त्यांचा बदाम येतो, त्यामुळे ते झोपतात केव्हा ही काळजी मला वाटत असे. हे कवी एके दिवशी संग्रह घेऊन साक्षात घरी आले. अर्पणपत्रिका, प्रस्तावना आणि अनुक्रमणिका धरून एकूण सदुसष्ट पृष्ठे भरत होती. मी त्यांना सांगितले की तीन पृष्ठे कमी केली तर चौसष्टात, म्हणजे चार फॉर्म्यांत, काम बसेल. नाहीतर पाचवा फॉर्मा घ्यावा लागेल आणि ऐंशीपैकी तेरा पृष्ठे कोरी राहतील. कवींनी चहा संपवला, डोळे मिटून घेतले आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी तेरा नव्या कविता माझ्या मोबाइलवर हजर होत्या. त्यातली एक माझ्यावर होती. संग्रह पुढे यथावकाश निघाला, देखणा निघाला; पाने त्यांनी पुतण्याकडून लावून घेतली होती. प्रकाशनाच्या छायाचित्रांना मी बदाम दिला.

मधल्या काळात २७ फेब्रुवारी येऊन जातो. मराठी भाषा गौरव दिनाला मला इतकी निमंत्रणे येतात की आठवडाभर घरात स्वयंपाक करावा लागत नाही. मानधनाचा विषय त्या वातावरणात काढवत नाही. नारळ मिळतो, गुलाबपुष्प मिळते आणि आमच्या गावच्या रीतीप्रमाणे शालीऐवजी पुष्कळदा चादर मिळते. सोलापुरी चादर म्हणजे काय ते मी सांगायला नको. तिला भौगोलिक मानांकन आहे आणि एक चादर एका माणसाला जन्मभर पुरते. माझ्या कपाटात मात्र तीन पिढ्यांची सोय झाली आहे.

या सगळ्या गलबल्यात ब्लॉग हे माझे सर्वांत निर्जन दुकान होते. तिथे ना चटणी, ना बदाम. तिथे मी रविवारी दुपारी मुकाट्याने कंटाळवाण्या गोष्टी सविस्तर लिहून ठेवत असे. पुस्तकाची ओळख पटवणारा तेरा अंकी आयएसबीएन क्रमांक आपल्या देशात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून विनामूल्य मिळतो, त्यासाठी ऑनलाइन अर्ज करायचा असतो, कोणकोणती कागदपत्रे हाताशी ठेवायची असतात. कॉपीराइट लिहिताक्षणीच लेखकाचा होतो, नोंदणी सक्तीची नाही. १९५४ च्या कायद्यानुसार पुस्तक प्रसिद्ध झाल्यापासून तीस दिवसांच्या आत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला स्वखर्चाने पाठवायची असते आणि तशाच प्रती मुंबई, चेन्नई व दिल्ली इथल्या नेमलेल्या ग्रंथालयांनाही द्यायच्या असतात. (‘कोलकात्यात आमची ग्रामीण कादंबरी कोण वाचणार?’ हा प्रश्न मला नेहमी येतो. कायद्यात त्याचे उत्तर नाही.)

चाटी गल्लीत चादरी-टॉवेलांचे दुकान असलेल्या माझ्या मामांना हे कोणीतरी वाचून दाखवले आणि ते अस्वस्थ होऊन घरी आले. ‘काय गं, क्रमांक फुकट मिळतो म्हणून तूच लिहिलीस?’ मी म्हटले, ‘मामा, फुकटच मिळतो तो.’ मामांनी कपाळाला हात लावला. ‘अगं, गिऱ्हाईकाला भाव सांगायचा असतो, खरेदी सांगायची नसते. सगळं लिहून मोकळी झालीस तर तुझ्याकडं कोण येतंय मग?’ चाळीस वर्षे गल्ल्यावर बसलेल्या माणसापुढे युक्तिवाद करणे अवघड असते, त्यातून त्या वेळी माझ्याकडे खरोखरच कोणी येत नव्हते.

मग मंगळवेढ्याहून एक निवृत्त कृषी अधिकारी आले. येण्यापूर्वी ना त्यांनी मला बदाम दिला होता, ना अंगठा दाखवला होता. समाजमाध्यमांवर ते नव्हतेच. नातवाने त्यांना माझा ब्लॉग काढून दिला होता आणि त्यांनी त्यातले लेख झेरॉक्सच्या दुकानात छापून घेतले होते. नायलॉनच्या पिशवीतून त्यांनी तो गठ्ठा काढला. वाक्यांखाली लाल शाईच्या रेघा होत्या, समासात शंका होत्या आणि डाव्या कोपऱ्याला दोऱ्याने टाका घातलेला होता. ‘ताई, तुमचं सगळं वाचलं,’ ते म्हणाले. ‘दोनदा वाचलं. सगळं समजलं. आणि एवढं मात्र कळलं की हे आपल्याच्यानं होणार नाही. तुम्हीच करा.’

ज्यांना काम कसे होते हे ठाऊक नसते ते ते फुकट मागतात, आणि ज्यांना त्यातली प्रत्येक पायरी कळते ते पाकीट काढतात, हे व्यापारशास्त्र चाटी गल्लीत शिकवले जात नाही. अर्थात पाकीट काढले म्हणजे घासाघीस टळली असे नव्हे. कृषी अधिकाऱ्यांनी पृष्ठागणिक दर मान्य केला, पण ज्या पृष्ठावर छायाचित्र असेल त्याचे अर्धेच पैसे आणि प्रकरण संपल्यावर खाली मोकळी जागा उरेल तिचा हिशेब वेगळा, असा त्यांचा आग्रह होता. शेतात पडीक जमीन जशी वेगळी दाखवतात तसे त्यांनी कागदावर कोष्टकच काढून आणले होते.

त्यांचे आत्मचरित्र जुन्या फॉन्टमध्ये टंकित केलेले होते. या जुन्या फॉन्टांत संगणकाच्या लेखी सगळा मजकूर इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे एवढाच असतो, त्यावर मराठीचे सोंग चढवलेले असते. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर सोंग उतरते आणि ज्वारीच्या मालदांडी वाणाऐवजी स्वल्पविराम, कंस आणि डॉलरची चिन्हे पडद्यावर उभी राहतात. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असल्यामुळे ही पंचाईत होत नाही, पण जुन्यातून नव्यात आणताना काही अक्षरे वाटेत सांडतात. विशेषतः ‘ऱ्या’ची ‘र्या’ होते. त्यामुळे मुलीच्या लग्नाच्या प्रकरणात आचाऱ्यांचे एकजात आचार्य झाले. ‘पहाटे तीन वाजता आचार्यांनी भट्टी पेटवली आणि उघड्या अंगाने बुंदी पाडावयास बसले’ हे वाक्य मी दुरुस्त करण्याआधी बराच वेळ पाहत राहिले. पुढे एका आचार्यांनी विडी ओढल्याचाही उल्लेख होता. मशीनला हे कळत नाही, माणसालाच वाचावे लागते, आणि पृष्ठागणिक दर लावते तो मी याच वाचण्याला.

पुस्तक झाले. पैसे त्यांनी आहेराच्या पाकिटात घालून आणले, वर एक रुपयाचे नाणे चिकटवलेले होते आणि प्रेषक म्हणून सहकुटुंब सहपरिवार नाव होते. त्यांच्या मागोमाग त्यांचे एक व्याही आले, मग अकलूजच्या एक बाई आल्या, आणि प्रत्येकाच्या पिशवीत माझ्याच लेखांचे छापील गठ्ठे निघू लागले. माझ्या ब्लॉगवर सर्वाधिक कमाई आजही शेजारच्या गावांतल्या झेरॉक्सवाल्यांचीच आहे.

ही बातमी मामांपर्यंत गेली असावी, कारण परवा त्यांनी मला दुकानात बोलावून घेतले. गादीवर बसवले, चहा सांगितला, आणि नोकर जरा लांब गेल्यावर आवाज खाली आणून विषय काढला. बाहेरचा माल सोलापुरी म्हणून खपतो, तेव्हा खरी जकार्ड चादर कशी ओळखावी यावर एक लेख हवा होता. ‘तुझ्या त्या ब्लॉगसारखाच लिही,’ ते म्हणाले, ‘पण सगळं सांगू नको. निम्मं लिही, निम्मं आपण दुकानात सांगू.’ मी मान डोलावली आणि नम्रपणे शब्दाचा दर सांगितला. मामांनी बशीतला चहा शांतपणे संपवला, गल्ल्याच्या कप्प्यातला कॅल्क्युलेटर काढून पुढ्यात ठेवला आणि विचारले, ‘सोलापुरी चादर हा एक शब्द धरतीस का दोन?’