औषध कंपनीची तिजोरी कुठवर पुरणार, हे आधी विचारा

आपल्या संभाजीनगरात नव्या औषधाची बातमी आली की सगळे एकच विचारतात, औषध चालतं का? माझ्या मते त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे. निकाल हाती येईपर्यंत पैसा पुरणार आहे का?

अमेरिकेतल्या अचाओजेन कंपनीचं बघा. तिच्या प्लाझोमायसिनला जून २०१८ मध्ये एफडीए या अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेची मंजुरी मिळाली. मूत्रमार्गाच्या गुंतागुंतीच्या संसर्गात बाकीची औषधं थकतात तिथं वापरायचं हे अँटिबायोटिक. आणि एप्रिल २०१९ मध्ये कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला, वर्षही भरलं नव्हतं! औषधात खोट नव्हती. पण सरसकट वापरलं तर जंतू त्यालाही दाद देईनासे होतात, म्हणून असं औषध डॉक्टर राखून ठेवतात, आणि ते ठेवायलाच हवं. त्यामुळं विक्री तुटपुंजी राहते, खर्च मात्र दर महिन्याला दारात उभा. पुढं त्या औषधाचे बहुतेक जगासाठीचे हक्क सिप्लाच्या अमेरिकेतल्या कंपनीनं घेतले.

ही गोष्ट आपल्यापासून लांबची वाटत असेल तर आपल्या शहराजवळच्या चिकलठाण्याकडं बघा. वोक्हार्ट या औषध कंपनीचं संशोधन केंद्र तिथं आहे. नॅफिथ्रोमायसिन हे न्यूमोनियावरचं, तीनच दिवस घ्यायचं औषध त्यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये देशासमोर आणलं. १४ वर्षं आणि सुमारे ५०० कोटी रुपये लागले. बायरॅक या जैवतंत्रज्ञान संशोधनाला पैसा देणाऱ्या सरकारी संस्थेची मदत होती ८ कोटींची. त्या वर्षांच्या आसपास या कंपनीवर काय काय गेलं ते आठवा. २००९ मध्ये परकीय चलनातले रोखे वेळेवर फेडता आले नाहीत, कर्जाची पुनर्रचना झाली, दहा हॉस्पिटलं विकली. २०१३ मध्ये कंपनीच्या वाळूज आणि चिकलठाण्याच्या कारखान्यांतल्या मालावर अमेरिकेनं आयातबंदी घातली. २०२० मध्ये देशातल्या ब्रँडचा मोठा हिस्सा १,८५० कोटींपर्यंतच्या व्यवहारात डॉ. रेड्डीजला गेला. एवढं सगळं होत असताना संशोधन बंद पडलं नाही, याचं मला खरंच कौतुक आहे. पण दर वेळी विकायला काहीतरी असतंच असं नाही. ज्या छोट्या कंपनीकडं एकच रेणू, म्हणजे एकच होऊ घातलेलं औषध आहे, ती काय विकणार?

औषध किती काळ टिकतं हे तपासणाऱ्या स्टॅबिलिटी विभागात मी काम केलंय, म्हणून पैसा आटताना आतून कसं दिसतं ते सांगते. चेंबरमध्ये ४० अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रतेवर औषधाच्या पट्ट्या ठेवलेल्या असतात. तिसऱ्या महिन्याचा, सहाव्या महिन्याचा नमुना ठरल्या तारखेला काढून तपासायचाच असतो. तेवढ्यात खरेदी विभागातून निरोप येतो, 'अॅसिटोनायट्राइलवाला अॅडव्हान्स मागतोय, आधीचं बिल थकलंय.' हे तपासणीला लागणारं द्रावक. एचपीएलसी, म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र, त्याची नवी नळी (कॉलम) मंजूर होत नाही. मग दोन प्रकल्पांपैकी एकाचेच नमुने तपासले जातात. औषधाच्या चाचणीत भाग घेणारे रुग्ण, त्यांची देखरेख करणारी हॉस्पिटलं यांचंही तेच. काम मध्ये थांबवून सहा महिन्यांनी तिथूनच सुरू करता येत नाही, बरंचसं पहिल्यापासून करावं लागतं. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्याकडच्या मोसंबीच्या बागा वाळल्या, तेव्हा शेतकऱ्यांनी हेच सोसलं. एका उन्हाळ्यात टँकर परवडला नाही आणि कित्येक वर्षांची झाडं सरपणाला गेली.

म्हणून शेअर घेणाऱ्यांना आणि एम.फार्म. करून नोकरी शोधणाऱ्या पोरापोरींना माझं कळकळीचं सांगणं आहे. ताळेबंद उघडा. हातातली रोकड किती, तिमाहीला जळते किती, बारा महिन्यांत फेडायचं कर्ज किती, एवढं बघा. लेखापरीक्षकाच्या अहवालात 'गोइंग कन्सर्न'बद्दल, म्हणजे कंपनी पुढं चालू राहील का याबद्दल, मोठी अनिश्चितता असल्याचा परिच्छेद असेल तर तो दोनदा वाचा. 'लवकरच गुंतवणूकदार येतोय' हे वाक्य रोकड म्हणून धरू नका. मुलाखतीत हा प्रश्न विचारला म्हणून कोणी रागावलं, तर तेही उत्तरच समजा.

आणि सरकारबद्दल. औषध संशोधनासाठी ५,००० कोटींची योजना आहे, १ लाख कोटींच्या संशोधन निधीलाही २०२५ मध्ये मंजुरी मिळाली. चांगलंच आहे. पण हा पैसा प्रयोगशाळेपासून मंजुरीपर्यंतचा. अचाओजेन मंजुरीनंतर बुडाली. ब्रिटननं २०२२ पासून दोन अँटिबायोटिक्ससाठी वेगळी पद्धत धरली. किती गोळ्या-इंजेक्शनं खपली ते न बघता कंपनीला दर वर्षी ठरलेली रक्कम, प्रत्येकी १ कोटी पौंडांपर्यंत. औषध कपाटात राहिलं तरी कंपनी जगते, आणि डॉक्टरवर ते खपवायचा दबाव येत नाही. आपल्याकडं संभाजीनगरच्या घाटीसारख्या सरकारी रुग्णालयांत औषधांना दाद न देणाऱ्या संसर्गाचे रुग्ण रोज येतात. त्यांच्यासाठी अशीच खरेदी केंद्रानं सुरू करावी, आणि मराठवाड्याच्या खासदारांनी येत्या अधिवेशनात ही मागणी लावून धरावी. तुमच्या खासदाराला पत्र लिहिणार असाल तर कमेंटमध्ये सांगा, मसुदा मी तयार करून देते.