रिक्षाचे १४० आणि क्रेनवरचा हार

परत आलं. टीए बिल, प्रवासखर्चाचं. तिसऱ्यांदा. रिक्षाच्या १४० रुपयांभोवती लाल पेनने गोल आणि बाजूला ‘पावती?’ अहो, कुठला रिक्षावाला पावती देतो? मीटर टाकतो हेच उपकार! शेवटी मीच कागदावर लिहून दिलं, तर अकाउंट्सचे साहेब चष्म्यावरून बघत म्हणतात, ‘अक्षर तुमचंच वाटतंय.’

तडतडत घरी निघालो तर चौकात कोंडी. आमच्या कार्यसम्राटांचा वाढदिवस. क्रेनला लटकवलेला हार, जेसीबीतून फुलांची उधळण, छाती हादरवणारा डीजे. पाऊण तास! हेल्मेटवर पाकळ्या घेऊन मी त्या हाराकडे बघत उभा. ह्या क्रेनची पावती कोण मागतो हो? कोणता लाल पेन?

वाढदिवस म्हणजे प्रचार नव्हे, म्हणून सगळं माफ. प्रचारात तरी काय? विधानसभेला ४० लाखांची मर्यादा, तीही उमेदवाराला. पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. चहा-वडापावचा दर निवडणूक कार्यालय ठरवून देतं, निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यायचा, आणि तो कसा अलगद ४० च्या आत बसतो! ४० लाखांत हल्ली धड लग्न होत नाही. माझ्या ५०१ रुपये वर्गणीचं नाव गणपतीच्या फळ्यावर लागतं, आणि पक्षाला २० हजारांपर्यंत देणाऱ्याचं नाव जाहीर करायची गरज नाही. नाव गुप्त ठेवून पक्षाला देणगी द्यायचे ते निवडणूक रोखे होते तेव्हा तर आनंदच होता. ते २०२४ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने मोडीत काढले, म्हणून आपण पेढे खाल्ले. क्रेन काही कमी झाल्या नाहीत.

भ्रष्टाचाराच्या तक्रारी बघणारे लोकायुक्त म्हणाल तर देशात पहिले नेमले आपणच, १९७१ च्या कायद्याने. नवा कायदा विधानसभेत २०२२ च्या डिसेंबरात मंजूर झाला, परिषदेत २०२३ च्या डिसेंबरात. एका सभागृहातून दुसऱ्यात जायला एक वर्ष! माझं बिल तरी महिन्यात तीनदा फिरतं. आणि ती आचारसंहिता! चातुर्मासही चार महिने पाळतात, यांचं सोवळं सव्वा महिन्यात सुटतं.

त्यात ते ‘भावी नगरसेवक’. दिवाळीला उटण्याच्या पाकिटावर दात काढलेला फोटो. अभ्यंगस्नानाला सकाळी सकाळी हा चेहरा का बघायचा मी? आई मात्र त्यांच्या फुकट बसने अष्टविनायक करून आली आणि म्हणते, ‘पोरगा गुणी आहे हो.’

पण ओरडतोय कोण? आमच्या गेटसमोरचे पेव्हर ब्लॉक आचारसंहितेच्या आठ दिवस आधी रातोरात पडले. त्यासाठीचा अर्ज, ‘आपले कर्तृत्व सर्वश्रुत आहे’ वगैरे सकट, सोसायटीचा सचिव म्हणून मीच लिहिला होता. अक्षर माझंच. पैसे कुठून आले हे विचारलं नाही, पावती तर नाहीच. उलट नारळ मीच आणला. ६० रुपयांचा. तोही क्लेम करता आला नाही.

बिल उद्या चौथ्यांदा टाकतोय. ह्या वेळी बायकोच्या अक्षरात.